उडालेल्या ट्रान्झिस्टरपासून प्रकाशाचा सेन्सर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिरगावात ॲम्प्लिफायर दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली. गणपती झाले की मंडळांचे ॲम्प्लिफायर दुरुस्तीला येतात आणि त्यांतून उडालेले पॉवर ट्रान्झिस्टर, म्हणजे स्पीकरला ताकद देणारे पार्ट, निघतात. मी ते टाकत नाही. वरची टोपी कापतो, आतल्या सिलिकॉनवर उजेड पडू देतो आणि रविवारी येणाऱ्या मुलांच्या हातात तो सेन्सर म्हणून देतो. मुलं, त्यांचे पालक, एखादे विज्ञानाचे शिक्षक तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

उडालेल्या पार्टला उजेड ‘दिसतो’ म्हणजे नेमकं काय होतं?

सिलिकॉनच्या तुकड्यात पी आणि एन असे दोन प्रकारचे भाग एकमेकांना लागून असतात. ते जिथे भेटतात ते जंक्शन. तिथे उजेड पडला की इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि जंक्शनमधलं विद्युत क्षेत्र त्यांना एका बाजूला ओढतं. बाहेरून तार जोडली की करंट वाहतो. सोसायटीच्या गच्चीवरच्या सोलर पॅनलमध्ये हेच चालतं.

डायोड (एकाच दिशेनं करंट जाऊ देणारा पार्ट), ट्रान्झिस्टर, आयसी या सगळ्यांत अशी जंक्शनं असतात, म्हणून ती सगळीच मुळात उजेडाला हळवी असतात. त्यांना पत्र्याच्या टोपीत किंवा काळ्या प्लास्टिकमध्ये बंद करतात ते ओल आणि धक्क्यापासून जपायला, आणि उजेडानं कामात गडबड होऊ नये म्हणूनही.

ट्रान्झिस्टर उडाला म्हणजे ॲम्प्लिफायरमध्ये तो निकामी झाला. त्यात जंक्शनं दोन असतात आणि दोन्ही गेलेलीच असतात असं नाही. भंगारात टाकण्याआधी दोन मिनिटं मीटर लावून काय गेलंय आणि काय शाबूत आहे ते बघा, एवढाच माझा आग्रह आहे.

कोणता उडालेला ट्रान्झिस्टर उपयोगी पडेल हे कसं ओळखायचं?

मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. ट्रान्झिस्टरला तीन टोकं असतात. २एन-३०५५ हा नेहमीचा पॉवर ट्रान्झिस्टर घेतला तर त्याच्या खाली दोन पिना असतात, बेस आणि एमिटर. तिसरं टोक कलेक्टर म्हणजे त्याची धातूची बॉडीच. लाल वायर बेसवर, काळी बॉडीवर. मीटरनं ०.५ ते ०.६ च्या आसपास आकडा दाखवला आणि वायरी उलट्या केल्यावर काहीच दाखवलं नाही, तर बेस-कलेक्टर जंक्शन ठीक आहे. आपल्याला तेवढंच लागतं.

एमिटरची आतली तार वितळून तुटलेली असते तेव्हा मला फार आनंद होतो, कारण अशा वेळी बेस-कलेक्टर जंक्शन बहुधा जसंच्या तसं असतं. कलेक्टर-एमिटर शॉर्ट हा सगळ्यांत जास्त दिसणारा दोष. तरीही बेसपासून डायोडसारखा आकडा मिळत असेल तर कापून बघायला हरकत नाही. आतल्या आत करंट गळत असल्यामुळे तो मंद उजेडात कमी दाखवेल, उन्हात चालेल. तिन्ही टोकं एकमेकांशी शून्य दाखवत असतील तर मात्र तो खरंच संपला. त्यावर करवत चालवण्यात वेळ घालवू नका.

टोपी कापायची कशी?

हे काम सावकाश करायचं आहे. आतली सिलिकॉनची चकती साधारण तुरीच्या डाळीएवढी असते. ती खालच्या जाड तळाला चिकटवलेली असते आणि पिनांपासून तिच्यावर बारीक तारा कमानीसारख्या आलेल्या असतात. या तारांना धक्का लागला की सगळं संपलं.

ट्रान्झिस्टरचा पसरट तळ व्हाइसमध्ये धरा, गोल टोपीला दाबू नका. बारीक दात्यांचं हॅक्सॉ ब्लेड घ्या आणि टोपीच्या वरच्या कडेजवळ, जितकं वर जमेल तितकं वर, चहूबाजूंनी थोडं थोडं कापत फिरा. एकाच जागी आरपार जाऊ नका. पत्रा कागदासारखा पातळ झाला की करवतीचा आवाज बदलतो, खणखणीतपणा जाऊन बसका होतो. तिथे थांबायचं. मग ट्रान्झिस्टर उलटा धरायचा, म्हणजे कीस आत न पडता बाहेर पडतो, आणि उरलेला पत्रा टोकदार चिमट्यानं सोलून काढायचा.

आत कीस गेलाच तर फुंकर मारू नका, तोंडातली वाफ चकतीवर बसते. कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी रबरी फुग्याचा ब्लोअर मिळतो, तो वापरा. काही ट्रान्झिस्टरमध्ये चकतीवर पारदर्शक जेलीसारखा थेंब असतो, तो राहू द्या. पांढरा, अपारदर्शक लेप असेल तर उजेड अडतो आणि तो खरवडताना तारा तुटतात. असे मी बाजूला ठेवतो.

एसएल-१०० किंवा बीसी-१०७ सारख्या लहान ट्रान्झिस्टरच्या धातूच्या डब्यांना करवत लावायची गरज नाही. मोठ्या कानशीवर डबीचा माथा गोल गोल घासत राहा. माथा पातळ होऊन मधे खळगा दिसायला लागला की कटरच्या टोकानं झाकण उचला. कॉलेजच्या लॅबमधून एसएल-१०० ढिगानं फेकले जातात, मुलांनी सुरुवात त्यांच्यावरच करावी.

डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर मास्क पाहिजेच.

असे सगळेच ट्रान्झिस्टर कापले तर चालतील?

नाही, आणि याबाबत मी कडक आहे. रेडिओ ट्रान्समीटरमधले उच्च फ्रिक्वेन्सीचे पॉवर ट्रान्झिस्टर कधीही कापू, घासू किंवा फोडू नका. त्यांतल्या पांढऱ्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली तर कायमचा आजार होतो. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या मॅग्नेट्रॉनलाही (लहरी तयार करणाऱ्या भागालाही) याच कारणासाठी हात लावायचा नाही. शिवाय त्या ओव्हनचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा चार्ज धरून ठेवू शकतो.

काळ्या प्लास्टिकचे बीसी-५४७ वगैरे कापून उपयोग नाही. त्यांत चकतीभोवती टणक इपॉक्सी ओतलेलं असतं. ते काढायला तीव्र आम्ल लागतं आणि ते घरात करायचं काम नाही.

कापल्यावर किती व्होल्टेज मिळतं?

२एन-३०५५ मध्ये बेस धन आणि कलेक्टर ऋण होतो. भर दुपारच्या उन्हात जवळपास अर्धा व्होल्ट आणि काही मिलिॲम्पिअर मिळतात. घरातल्या दिव्याखाली करंट मायक्रोॲम्पिअरमध्ये येतो.

हल्ली स्वस्त मिळणाऱ्या बनावट ३०५५ मध्ये आतली चकती फारच छोटी असते. टोपी कापली की खोटेपणा लगेच कळतो. जुन्या ॲम्प्लिफायरमधले तुकडे जपून ठेवा असं मी म्हणतो त्याचं हे एक कारण.

मीटरवर व्होल्टेज दिसतं. तेच उजेडाचं माप धरायचं का?

निम्मे प्रकल्प इथेच चुकतात, म्हणून जरा थांबून वाचा.

सेन्सरला नुसता व्होल्टमीटर लावला तर उजेड दसपट झाला तरी व्होल्टेज जेमतेम साठेक मिलिव्होल्टनं वाढतं. मुलांना वाटतं सेन्सर बिघडला. तो बिघडलेला नसतो. उजेडाच्या प्रमाणात वाढतो तो करंट, आणि तोही टोकं जवळजवळ शॉर्ट असताना.

यावर सोपा उपाय आहे. सेन्सरच्या दोन टोकांत एक रेझिस्टन्स लावा आणि त्याच्यावरचे मिलिव्होल्ट मोजा. उन्हासाठी १० ओहम, घरातल्या उजेडासाठी १० किलोओहम. समजा उन्हात १० ओहमवर ५० मिलिव्होल्ट आले, तर करंट ५ मिलिॲम्पिअर. आकडा शंभरेक मिलिव्होल्टच्या वर जात असेल तर लहान रेझिस्टन्स लावा. एवढं पाळलं की उजेड दुप्पट झाल्यावर आकडाही दुप्पट झालेला दिसतो, आणि तो पहिल्यांदा बघताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

अजून बारकाईनं मोजायचं असेल तर एलएम-३५८ ही बारीक सिग्नल मोठा करणारी चिप घ्या. कलेक्टर २ नंबरच्या पिनेवर, बेस आणि ३ नंबरची पिन ग्राउंडला, १ आणि २ च्या मधे १ मेगाओहम. मग दर मायक्रोॲम्पिअरला १ व्होल्ट आउटपुट मिळतं. पॉवर ट्रान्झिस्टरच्या जंक्शनची कपॅसिटन्स, म्हणजे चार्ज साठवण्याची क्षमता, मोठी असते, त्यामुळे सर्किट शिट्टी मारल्यासारखं ऑसिलेट होऊ शकतं. मेगाओहमच्या समांतर शंभरेक पिकोफॅरडचा कपॅसिटर लावला की ते शांत होतं.

कापाकापी न करता काही जमेल का?

एलईडी. तिच्यावर पारदर्शक आवरण असतंच, आणि प्रकाश देणारं जंक्शन प्रकाश ओळखतंही. अमेरिकेतल्या फॉरेस्ट मिम्स यांनी १९७० च्या दशकात हे हौशी लोकांपर्यंत पोचवलं आणि पुढे एलईडी वापरून वातावरणातल्या धुरक्याची मोजमापं घेतली. २००३ मध्ये मित्सुबिशीच्या अमेरिकेतल्या संशोधन प्रयोगशाळेतल्या डिट्झ, येराझुनिस आणि ली यांनी एकाच एलईडीनं आळीपाळीनं प्रकाश देणं आणि घेणं दाखवून दिलं. त्यांची युक्ती सुंदर आहे. मायक्रोकंट्रोलरनं (प्रोग्राम चालवणाऱ्या छोट्या चिपनं) एलईडीला क्षणभर उलटा व्होल्टेज द्यायचा, मग पिन मोकळी सोडायची आणि तो चार्ज उतरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. उजेड जास्त तर वेळ कमी. जादा पार्ट जवळजवळ लागतच नाहीत.

एलईडी स्वतः देते त्या रंगाचा किंवा त्याहून थोडा निळ्याकडचा प्रकाश ओळखते. लाल एलईडी शेजारच्या टीव्हीच्या रिमोटकडे लक्ष देत नाही, सिलिकॉन मात्र तो रिमोट स्पष्ट बघतं. निळ्या एलईडीला तर साध्या दिव्याखाली फारसं काही दिसत नाही, तिला ऊन लागतं. आणि रंगीत आवरणापेक्षा पाण्यासारखं स्वच्छ आवरण असलेली बरी.

ज्या एलईडीची आतली तार तुटली ती सेन्सर म्हणूनही गेली. मंद झालेली, तेज उतरलेली एलईडी मात्र उत्तम चालते. बंद पडलेल्या ९ वॉटच्या बल्बमध्ये पट्टीवरचा एकच ठिपका गेलेला असतो आणि बाकीचे शाबूत असतात, असं फार वेळा होतं. ते पांढरे ठिपके मुळात निळे असतात, वर पिवळा लेप असतो, म्हणून मोजमापासाठी मला ते विशेष आवडत नाहीत. बल्ब होल्डरमध्ये असताना कधीही उघडू नका. त्यातली पट्टी थेट घरातल्या विजेशी जोडलेली असू शकते.

काचेच्या डायोडलाही उजेड कळतो. १एन-४१४८ मध्ये अगदी नॅनोॲम्पिअर इतका करंट निघतो. कुतूहलासाठी ठीक, कामासाठी नाही.

भंगारात तयार सेन्सर कुठे सापडतील?

जुन्या बॉलच्या माउसमध्ये, प्रिंटरमध्ये कागद ओळखायला बसवलेल्या यू आकाराच्या तुकड्यांत, कॅल्क्युलेटरच्या सोलर पट्टीत. आपोआप लागणाऱ्या दिव्यांमध्ये एलडीआर असतो, म्हणजे उजेड पडला की रेझिस्टन्स कमी होणारा पार्ट, दिसायला नागमोडी लाल-तपकिरी रेघ असलेली चकती. त्यात कॅडमियम असतं, म्हणून तो फोडू नका. टीव्हीचा रिमोट-रिसीव्हर सेन्सर वाटतो खरा, पण तो ३८ किलोहर्ट्झच्या आसपासच्या स्पंदनांनाच दाद देतो, उजेड मोजायला बाद.

मुंबईत शोधायचं तर ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोड. दुरुस्तीची दुकानं उघडतात तेव्हा जा, गर्दीत कुणी भंगाराचा डबा पुढ्यात ओतणार नाही. ‘दादा, उडालेले ३०५५ आहेत का, शाळेच्या प्रकल्पासाठी हवेत’ असं सांगितलं की लोक मूठभर देतात, पैसेही घेत नाहीत. जर्मेनियमच्या (सिलिकॉनच्या आधी वापरात असलेल्या) जुन्या वस्तूंसाठी चोर बाजार.

हे पहिल्यांदा कुणी पाहिलं?

मला या विषयाचा लळा लागला तो या गोष्टीमुळे. १९४० च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या बेल लॅब या संशोधन प्रयोगशाळेत रसेल ओल सिलिकॉनचे नमुने तपासत होते. एका कांडीला मधोमध तडा होता. तिच्यावर उजेड पडला की व्होल्टेज अनपेक्षितपणे वर जाई. तड्याच्या दोन बाजूंच्या सिलिकॉनमध्ये अशुद्ध द्रव्यं वेगवेगळी होती, आणि त्यातून पी-एन जंक्शन सापडलं. पुढच्या वर्षी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, ते १९४६ मध्ये मिळालं. खराब म्हणून बाजूला पडण्याजोगा तो नमुना होता. आज आपण वापरतो ते बहुतेक सगळे डायोड, ट्रान्झिस्टर आणि सोलर पॅनल या जंक्शनवर उभे आहेत.

त्याच्या कितीतरी आधी कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी गॅलिना या खनिजाचा डिटेक्टर केला होता. तो रेडिओलहरींना प्रतिसाद देई तसा दृश्य प्रकाशालाही देई. त्याचं अमेरिकन पेटंट १९०४ चं.

जुन्या रेडिओवाल्यांची आवडती गोष्ट ओसी-७१ ची. हा जर्मेनियम ट्रान्झिस्टर काचेच्या नळीत असे आणि वर काळा रंग. रंग खरवडला की तो प्रकाश ओळखू लागे. त्याचाच प्रकाशासाठीचा भाऊ ओसीपी-७१ या नावानं महाग विकला जाई.

अगदी अलीकडे, २०१५ मध्ये, रास्पबेरी पाय-२ हा छोटा संगणक झेनॉन फ्लॅशनं फोटो काढला की बंद होऊन पुन्हा सुरू होतो असं लोकांच्या लक्षात आलं. पॉवर सप्लायची एक चिप काळ्या आवरणाशिवाय बसवलेली होती आणि फ्लॅशच्या प्रखर उजेडानं ती गोंधळत होती.

बालवैज्ञानिक स्पर्धेच्या प्रकल्पासाठी हे चालेल का? काय मोजायला द्यावं?

चालेल. फक्त ‘सेन्सर बनवला’ एवढ्यावर थांबू नका, त्यानं काहीतरी मोजा. मी मुलांना जून महिना देतो. सेन्सर गॅलरीत आकाशाकडे तोंड करून ठेवायचा, दर अर्ध्या तासाला वाचन लिहायचं, शेजारी ढगांचं वर्णन. पाऊस यायच्या आधी आकडा कसा कोसळतो ते आलेखावर दिसतं. मुंबईत मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैतला दिवस बहुधा ढगांत जातो, मेमधला पकडा.

दुसरा प्रयोग लहानांना फार आवडतो. सेन्सर जुन्या ॲम्प्लिफायरच्या माइकच्या इनपुटला जोडा आणि जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली धरा. घूंऽऽ असा आवाज येतो. वीज ५० हर्ट्झची, पण ट्यूब दर सायकलला दोनदा उजळते, म्हणून कानावर येतात १०० हर्ट्झ. रिमोटचं बटण दाबा, कर्रर्र ऐकू येतं. डोळ्याला न दिसणारा प्रकाश कानानं ऐकल्यावर मुलं हलायलाच तयार नसतात.

मोबाइलच्या लक्स (उजेड मोजणाऱ्या) ॲपशी आकडे जुळत नाहीत. सेन्सर चुकतोय का?

दोघं वेगवेगळा प्रकाश बघताहेत. लक्स माणसाच्या डोळ्याला धरून मोजतात. सिलिकॉन ११०० नॅनोमीटरपर्यंतचं अवरक्तही (डोळ्याला न दिसणारं इन्फ्रारेड) बघतं. जुना पिवळा बल्ब अवरक्त भरपूर ओततो, एलईडी बल्ब जवळजवळ नाहीच. डोळ्याला दोन्ही सारखे उजळ वाटले तरी तुमचा सेन्सर पिवळ्या बल्बला कितीतरी जास्त गुण देईल. एकाच प्रकारच्या दिव्याखाली तुलना करा, किंवा आकाशाच्याच उजेडाची आकाशाच्या उजेडाशी.

जिन्यातला दिवा अंधार पडल्यावर आपोआप लावायचा आहे. हा सेन्सर लावू का?

लावता येतो, पण १२ व्होल्टच्या एलईडी पट्टीसाठीच. २३० व्होल्टच्या दिव्याला घरी जमवलेली जोडणी करू नका, जिन्यात शेजाऱ्यांची मुलं खेळत असतात. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर या एका कामाला एलडीआर जास्त चांगला. तो डोळ्यासारखाच हिरवट प्रकाशाला जास्त मानतो आणि त्याला सर्किटही सोपं लागतं.

पावसाळ्यात टिकतो का?

उघडा ठेवला तर नाही. माझा पहिला चांगला सेन्सर खिडकीत होता. पश्चिमेची खिडकी, समोरून चौपाटीचा वारा. ऑगस्टमध्ये वाचन घसरत गेलं. भिंगातून पाहिलं तर चकतीच्या कडेला पांढरट बुरशीसारखा थर आणि बेसची तार मुळाशी हिरवी पडलेली. खारी हवा कुणाचीच गय करत नाही.

आता टोपी कापली की त्याच दिवशी बंद करतो. सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्टीवर ठेवतात ती पातळ चौकोनी काच टोपीच्या कापलेल्या कडेवर ठेवायची आणि भोवतीनं इपॉक्सी लावायचं. हे काम कोरड्या हवेत करा, डिसेंबर-जानेवारीत केलेले सर्वांत जास्त टिकले. पावसातच करावं लागलं तर ट्रान्झिस्टर आणि काच दोन्ही रात्रभर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट डब्यात ठेवा, मग चिकटवा. आत ओल राहिली तर पहाटे काचेच्या आतून दव धरतं आणि मग उघडण्याशिवाय इलाज नाही.

उरलेल्या कचऱ्याचं काय करायचं?

पत्र्याचा कीस आणि टोप्या भंगारवाल्याकडे. उरलेले बोर्ड, एलडीआर, बॅटऱ्या अधिकृत ई-कचरा संकलनाकडेच द्या. देशात १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, आणि नव्या उपकरणांच्या एकजिनसी भागात कॅडमियम वजनाच्या ०.०१ टक्क्याच्या वर चालत नाही. तांब्यासाठी वायरी आणि बोर्ड जाळू नका, कुणी जाळत असेल तर त्याला थांबवा. तो धूर सगळ्यात आधी जाळणाऱ्याच्याच छातीत जातो, आणि भंगार वेचणाऱ्यांत लहान मुलंही असतात. माझ्याकडे रविवारी येणाऱ्यांत दोघं त्यांच्यातलेच आहेत. उडालेला ३०५५ नुसत्या वजनावरून ओळखायला ते माझ्याआधी शिकलेले होते.